दोन नायिका एका अंकात : पोस्टर की गोष्ट?

शाईचे_डाग
परवा दुसऱ्या एका चर्चेत 'चिलखत' यांनी लिहिलं, की कॉमिकमध्ये दोन पुरुष नायक एकत्र आले तर गोष्ट होते आणि दोन बायका एकत्र आल्या तर पोस्टर. बॅटमनच्या जगातल्या खलनायिका हार्ले-आयव्ही आणि आर्ची कॉमिक्समधल्या बेटी-व्हेरोनिका यांच्या क्रॉसओव्हरला (म्हणजे वेगवेगळ्या मालिकांतली पात्रं एकत्र येतात त्या अंकांना) तर त्यांनी न वाचताच 'गल्लाभरू' म्हणून निकालात काढलं. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

अहो, क्रॉसओव्हर हा प्रकार मुळात गल्ल्यासाठीच जन्माला आला! १९७६ चा सुपरमॅन-स्पायडरमॅन आठवा. डीसी आणि मार्व्हल या दोन कंपन्यांची दोन हुकमी नाणी. आधी गैरसमजातून हाणामारी, मग लेक्स लूथर आणि डॉक्टर ऑक्टोपस या खलनायकांविरुद्ध हातमिळवणी. त्याला आपण सगळे ऐतिहासिक म्हणतो. २०१७ च्या हार्ले-आयव्हीवाल्या मालिकेत निदान भांडणाला कारण आहे. व्हेरोनिकाच्या वडिलांना दलदल बुजवून बांधकाम करायचंय आणि आयव्ही ते होऊ देणार नाही. पुढे शरीरांची अदलाबदल होते, तेव्हा चौघींचे स्वभाव एकमेकींवर घासले जातात. हे पोस्टरवर मावत नाही.

आणि हार्ले-आयव्ही ही जोडी कंपनीने एका बैठकीत जुळवलेली नाही. १९९३ च्या ॲनिमेटेड भागात जोकर हार्लेला हाकलून देतो आणि तिची आयव्हीशी गाठ पडते. एकीला कुणीतरी सांगायला हवं होतं की त्याच्याशिवायही जगता येतं. दुसरीला झाडांपलीकडे कुणीतरी हवं होतं. म्हणून ही जोडी इतकी वर्षं टिकली.

चिलखत
माझं अर्धंच म्हणणं उचललंत. जोडी चांगली असू शकते, हे मी नाकारलेलंच नाही. मी बोलत होतो ते १९९७ च्या टॉम्ब रेडर-विचब्लेडसारख्या अंकांबद्दल. टॉम्ब रेडर हा लाराचा गेम १९९६ मध्ये आला आणि तुफान चालला. लगेच तिला विचब्लेडची नायिका सारा पेझिनी हिच्याशेजारी उभं केलं. मायकल टर्नरची चित्रं देखणी आहेत, वाद नाही. पण गोष्ट कुणाला आठवते? मला मुखपृष्ठ आठवतं. माझी धाकटी बहीण लाराचा गेम वेड्यासारखी खेळायची. मोठ्या उत्साहाने तिला अंक दिला. "चित्रं छान आहेत" म्हणाली आणि पुन्हा कधी मागितला नाही. एवढं मला पुरेसं आहे.

जुना_गठ्ठा
तुमच्या बहिणीने अंक मागितला नाही म्हणजे अंक वाईट? त्याच अंकातून लारा पहिल्यांदा कॉमिकमध्ये आली. १९९९ मध्ये तिची स्वतःची मालिका निघाली आणि ५० अंक चालली. दार कुठून उघडलं तेही बघा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. क्रॉसओव्हर एकदा संपला की मिळतच नाही! हक्क दोन कंपन्यांत वाटलेले, त्यामुळे पुनर्मुद्रण अडून बसतं. डीसी आणि मार्व्हलच्या नायकसंघांचं जेएलए-ॲव्हेंजर्स २०२२ मध्ये पुन्हा छापलं तेही त्याचा चित्रकार जॉर्ज पेरेझच्या सन्मानार्थ, जेमतेम ७००० प्रती. मी वाट बघत राहिलो आणि हात चोळत बसलो. १९९६ चं मार्व्हल विरुद्ध डीसी जाडजूड संग्रहात यायला २०२४ उजाडावं लागलं.

ढगफुटी
१९९६ चा विषय निघालाच आहे तर सांगते. दोन मोठ्या नायिका समोरासमोर आल्या त्या तिथे, आणि मार्व्हलच्या एक्स-मेन संघातल्या स्टॉर्मने डीसीच्या वंडर वुमनला हरवलं. वाचकांच्या मतांनी. विषय संपला.

सोनेरी_दोर
विषय संपला कसा? त्या अंकात थोरचा हातोडा डायनाच्या, म्हणजे वंडर वुमनच्या, हाती आला होता. तो फक्त लायक असेल त्यालाच उचलता येतो. तिला तो उचलता आला, म्हणजे ती लायक ठरली. आणि लढत बरोबरीची व्हावी म्हणून तिने तो स्वतःहून बाजूला ठेवला! हातोडा ठेवला नसता तर स्टॉर्मच्या विजेचं काय झालं असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

ढगफुटी
ठेवला ना? मग हरली. जर-तरला अर्थ नाही.

सोनेरी_दोर
मतांनी हरली, लढाईत नाही. त्या पाच लढतींचा निकाल वाचकांनी दिला होता आणि तो काळ एक्स-मेनचा होता. १९९१ च्या त्यांच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती बाजारात गेल्या होत्या. अशा वेळी एक्स-मेनमधल्या कुणालाही उभं केलं असतं तरी मतं मिळालीच असती. खप म्हणजे ताकद नव्हे.

ढगफुटी
हे जरा जास्त होतंय. स्टॉर्म 'कुणीही' नाही. १९८६ मध्ये तिच्याकडे शक्ती नव्हत्या, तरी तिने सायक्लॉप्सला हरवून एक्स-मेनचं नेतृत्व मिळवलं. मी शाळेत वर्गातली सगळ्यात बुजरी मुलगी होते. तो अंक मावसभावाने दिला. नंतर वर्गप्रमुखाच्या निवडीला उभी राहिले ती त्या पानांच्या जोरावर. तुम्ही तिला 'कुणालाही' म्हणू नका, प्लीज.

सोनेरी_दोर
मग तुम्हीही डायनाला 'हरली, विषय संपला' म्हणू नका. १९४१ पासून उभी आहे ती. माझ्या आईने मला वाचायला दिलेली पहिली नायिका आहे.

चिलखत
बघा, माझाच मुद्दा सिद्ध होतोय. स्टॉर्म आणि वंडर वुमन अखेर समोरासमोर आल्या आणि त्यांना मिळालं काय? मतपत्रिका. गोष्ट नाही.

जुना_गठ्ठा
त्याच पाच लढतींत मार्व्हलचा वुल्व्हरिन आणि डीसीचा लोबो हेही होते. ते बारच्या काउंटरमागे गेले, वुल्व्हरिन एकटा बाहेर आला, मारामारी दिसलीच नाही. पुरुषांना गोष्ट मिळते म्हणता, ती ही का?

चिलखत
ठीक, त्या एका जोडीपुरतं मान्य. पण बाकी पुरुष-जोड्यांना १९७६ पासून पानंच्या पानं मिळत आलीत. बायकांच्या जोडीला कपड्यांवरून ओळखलं जातं. तलवारबाज नायिका रेड सोन्या १९७३ मध्ये आली तेव्हा अंगात साखळी-चिलखताचा सदरा होता. एस्तेबान मारोतोच्या चित्रात त्याची बिकिनी झाली आणि तीच कायमची चिकटली. 'चिलखत' हे नाव मी उगाच घेतलेलं नाही.

शाईचे_डाग
कपड्यांचं म्हणाल तर मी तुमच्याच बाजूने आहे. पण व्हॅम्पिरेला या रक्तपिपासू नायिकेचा तो तोकडा कपडा १९६९ मध्ये ट्रिना रॉबिन्स या बाईनेच सुचवला होता, आणि २०१५ मध्ये लेखिका गेल सिमोनच्या पुढाकाराने फक्त लेखिकांनी सोन्या, व्हॅम्पिरेला आणि मंगळावरची राजकन्या डेजा थोरिस यांना एका मोठ्या कथेत आणलं. म्हणजे कपडे तेच असताना पात्रांच्या तोंडी काय द्यायचं ते लिहिणारीच्या हातात होतं. तुमचा राग कपड्यावर आहे, मुद्दा मात्र तुम्ही जोडीवर काढता.

चिलखत
बरं. हार्ले-आयव्हीचे सहाच अंक आहेत, वाचतो. आवडले तर सांगेन, नाही आवडले तर जास्त सांगेन. टॉम्ब रेडरबद्दल शब्द मागे घेणार नाही.

शाईचे_डाग
नका घेऊ. स्टॉर्म-डायनाबद्दल मात्र तुमचं खरं आहे आणि मला ते लागलंय. स्टॉर्मला केनियात लोक देवी मानून पुजायचे. डायना मातीतून घडली, देवदेवतांनी तिला वरदानं दिली. देवपण वाट्याला आल्यावर माणसांत कसं राहायचं, हे या दोघींइतकं कुणाला माहीत असणार? त्यांना एक अख्खा अंक नुसतं बोलत बसवा. मी विकत घेईन.

सोनेरी_दोर
मीही घेईन. हातोडा मध्ये ठेवा.

ढगफुटी
घेईन मीही. पण बोलण्याआधी एकदा लढत होऊ द्या, या वेळी मतांशिवाय. स्टॉर्मच जिंकेल.