शब्दचर्चा: ‘ध्येय’, ‘उद्दिष्ट’ की नुसतंच ‘ठरवलंय’? आणि ‘बॅलन्स’ला काय म्हणायचं?

खडूफळा:
नमस्कार मंडळी. प्रश्न शब्दांचाच आहे, पण थोडी पार्श्वभूमी सांगते. मी चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली. गेल्या वर्षी नोकरी सोडली आणि आता वयाच्या 39व्या वर्षी बी.एड.च्या पहिल्या वर्षाला बसले आहे. घराजवळच्या वाचनालयात दर शनिवारी आम्ही सात-आठ जणी जमतो. कुणाचं काम सुटलंय, कुणी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा सुरुवात करतेय, कुणाला एक सोडून दुसरंच काही करायचंय. सगळ्यांसाठी मी एक पानी तक्ता केला. समोर इंग्रजी नमुना होता, त्यावरून मथळे दिले: ‘माझी वैयक्तिक ध्येये’ आणि त्याखाली ‘कार्य-जीवन संतुलन’.

आमच्यातल्या एका काकूंनी पोळीभाजी केंद्रात अकरा वर्षं पोळ्या लाटल्या. मनगट धरायला लागलं म्हणून काम सोडलं. त्यांनी नाव, पत्ता, शिक्षण सगळं नीट भरलं आणि ‘ध्येये’समोर आडवी रेघ मारली, सरकारी फॉर्मात ‘लागू नाही’ला मारतात तशी. विचारलं तर म्हणाल्या, “अगं, ध्येय वगैरे नाही बाई मला काही. दिवाळीच्या आत मशीन घ्यायचंय आणि फॉल-पिको सुरू करायचंय, एवढंच.”

म्हणजे चूक त्यांची नाही, माझ्या मथळ्याची आहे. ध्येय, उद्दिष्ट, लक्ष्य यांत नेमका फरक काय? आणि ‘कार्य-जीवन संतुलन’ वाचून तुम्हालाही दाताखाली खडा आल्यासारखं होतं का?

दौतटाक:
व्युत्पत्तीपासून सुरू करतो. ‘ध्येय’ हा शब्द ‘ध्यै’ धातूपासून आला. पेय म्हणजे प्यायचं ते, देय म्हणजे द्यायचं ते, तसं ध्येय म्हणजे ज्याचं ध्यान करायचं ते. योगाच्या पोथ्यांत ध्याता, ध्यान, ध्येय अशी तिकडीच असते. हा शब्द मुळात देवघरातला आहे. पुढे ‘ध्येयवादी शिक्षक’, ‘ध्येयवेडा तरुण’ वगैरे होऊन तो व्यासपीठावर गेला, पण सोवळं काही सुटलं नाही. काकूंनी रेघ मारली ती बरोबर मारली. फॉल-पिकोचं कुणी ध्यान करत नाही.

‘उद्दिष्ट’ची घडण वेगळी. त्यात ‘दिश्’ धातू आहे, म्हणजे दाखवणे. दिशा, आदेश, निर्देश ही त्याचीच भावंडं. उद्दिष्ट हे भूतकाळवाचक रूप आहे, ‘बोट करून दाखवलेलं’. कुणी दाखवलं? बहुतेक वेळा वरच्यांनी! करवसुलीचं उद्दिष्ट, लसीकरणाचं उद्दिष्ट, वृक्षलागवडीचं उद्दिष्ट. ते पूर्ण करायचं असतं आणि अहवाल पाठवायचा असतो. ‘वैयक्तिक उद्दिष्ट’ म्हटलं की आपणच आपल्याला परिपत्रक काढल्यासारखं वाटतं.

‘लक्ष्य’ नेमबाजीतलं. मराठीत नेहमीच्या वापरात ‘लक्ष’ उरलं आणि ते अवधान या अर्थी रुळलं. तरी जुना बाण कुठेतरी रुतलेला आहेच. आपण लक्ष ‘वेधतो’, आणि विधानसभेत ‘लक्षवेधी’ मांडतात. ‘आपले लक्ष्य प्राप्त करा’ हे मात्र हिंदी जाहिरातींतून आलेलं दिसतं. मी ते वापरणार नाही.

उंटावरचा शहाणा:
टार्गेट राहिलं की. मार्च एंडला बँकेत जाऊन बघा, ‘उद्दिष्ट’ म्हणणारा एक माणूस सापडला तर चहा माझ्याकडून. आणि त्याच बँकेत साहेब त्रास द्यायला लागला की ‘मला टार्गेट करतात’. एकाच शब्दात नोकरी लागण्यापासून सोडण्यापर्यंतचा प्रवास.

अडगळ:
@दौतटाक, ‘मनसुबा’ विसरलात. मुळात अरबी, बुद्धिबळातल्या रचलेल्या डावाला म्हणत. म्हणून आपण मनसुबे ‘रचतो’. फक्त मराठीत तो जरा संशयास्पद झाला, कारण मनसुबे उधळले जातात आणि ते बहुतेक शत्रूचे असतात. त्यापेक्षा ‘बेत’ घरगुती. बेत आखतात, बेत फसतो, आणि ‘आज काय बेत?’ म्हणजे स्वयंपाकाला काय. ‘माझा बेत’ असा मथळा दिला असता तर काकूंनी रकाना भरून पाठीमागेही लिहिलं असतं.

मला खटकतो तो ‘करिअर’. त्याला कोशात ‘कारकीर्द’ देतात. फारसीत ‘कार’ म्हणजे काम, ‘कर्द’ म्हणजे केलं. भूतकाळ शब्दातच आहे. कारकीर्द पेशव्यांची असते, मुख्यमंत्र्यांची असते, निवृत्त गोलंदाजाची असते. ती मागे वळून, शक्यतो दुसऱ्यानं सांगायची. ‘मी कारकीर्द बदलतेय’ असं म्हणणारी बाई मला भेटलेली नाही. लोक म्हणतात ‘लाइन बदलली’. मजा म्हणजे इंग्रजी शब्दाचं मूळही लॅटिनमधल्या गाडीरस्त्यातच आहे. चाकोरी आणि करिअर एकाच चिखलातून निघाले म्हणायचे.

वाणसौदा:
‘संतुलन’बद्दल मी बोलतो, आमचं तीन पिढ्यांचं किराणा दुकान होतं.

आधी एक स्पष्ट करू. इंग्रजी ‘बॅलन्स’ला मराठीत एक शब्द शोधायला गेलात तर फसाल. खात्यात असते ती शिल्लक. वर्षअखेरी मांडतात तो ताळेबंद. सायकलवर जातो तो तोल. निसर्गाचा ढळतो तो समतोल. डोक्याचं बिघडतं ते संतुलन, आणि हा शब्द मराठीत मुख्यतः तेवढ्यासाठीच जिवंत आहे. त्यामुळे ‘माझे संतुलन’ असा रकाना कुणी हसत हसत भरणार नाही. ‘समतोल’ बरा, तो नामही आहे आणि विशेषणही, ‘समतोल आहार’सारखा.

पण दुकानात बसल्यावर एक गोष्ट कळते. रिकाम्या तागडीची दोन पारडी कधीच सारखी नसतात. एक दोरी जरा लांब असते, एका पारड्याला पोचा आलेला असतो. आजोबा सकाळी दुकान उघडलं की पहिल्यांदा तागडी उचलून बघत आणि हलक्या बाजूला चिंचोका, खिळा, कधी दोरीला चिंधी बांधत. तो पासंग. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतो ना, तोच. तेलाला गिऱ्हाईक स्वतःचं भांडं आणी, तेव्हा आधी त्या रिकाम्या भांड्याइतके दगड दुसऱ्या पारड्यात टाकून धडा करायचा, मगच तेल ओतायचं. धडा न करता तेल तोललं तर भांड्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी.

ताई, तुमच्या तक्त्यात हा धड्याचा रकाना नाही. काम किती आणि घर किती हे विचारण्याआधी, या बाईच्या अंगावर आधीच काय आहे? सासूबाईंचं डायलिसिस आहे का, कर्जाचा हप्ता आहे का? ते भांड्याचं वजन.

माणदेशी:
वाणसौदा, क्या बात! थोडी भर घालतो. तागडीची मूठ मधोमध बांधलेली असते, ती हलत नाही. म्हणून दोन्हीकडे सारखंच घालावं लागतं. कावडीचं तसं नाही. आमच्याकडं चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी जातात, मुंगी घाटातनं वर चढवतात. मोठ्या कावडीला माणसंही पुष्कळ लागतात, ते सोडा. साधी पाण्याची कावड घ्या. पुढची घागर भरलेली आणि मागची अर्धी असली तर माणूस पाणी ओतून देत नाही. तो दांडी थोडी मागं सरकवतो, म्हणजे जड घागर खांद्याजवळ येते आणि हलकी लांब जाते. वजनं तीच, तोल साधला.

बी.एड.च्या परीक्षेच्या महिन्यात घर अर्धी घागर असणार. ती भरण्यापेक्षा दांडी सरकवा.

खडूफळा:
दांडी सरकवा! हे मी वहीत उतरवून घेतलंय. धड्याचा रकाना तर घालणारच.

यावरून ‘सांभाळणे’ आठवलं. बोलीत खरा शब्द तोच आहे ना? ‘घर सांभाळून नोकरी करते.’ हे वाक्य माझ्याबद्दल इतक्या वेळा बोललं गेलंय की मला कधी खटकलंच नाही. बी.एड. सुरू झाल्यावर आईसुद्धा फोनवर म्हणाली, “घर सांभाळून कर हो.” नवऱ्यानं पाच वर्षांपूर्वी एम.बी.ए. केलं, तेव्हा त्याला म्हणाली होती, “नोकरी सांभाळून कर.”

दौतटाक:
या ‘ऊन’मध्येच सगळी मेख आहे. करून, जाऊन, सांभाळून ही पूर्वकालवाचक रूपं. आधीची क्रिया आधी व्हायची, उरलेल्यात मुख्य क्रिया. ज्याला ‘ऊन’ लागला त्याचा पहिला हक्क. आईंनी तुम्हा दोघांना एकच प्रत्यय दिला, पण कर्म वेगवेगळं.

‘कार्य-जीवन संतुलन’ का बोचतं तेही सांगतो. ‘कार्य’ मराठीत म्हणजे लग्नकार्य किंवा समाजकार्य. आठ तास खुर्चीत बसणं हे ‘काम’. शिवाय काम एका बाजूला आणि जीवन दुसऱ्या, म्हणजे ऑफिसात आपण मेलेलो असतो काय?

उंटावरचा शहाणा:
सोमवारी, हो.

अडगळ:
म्हणींकडे वळू नका म्हणजे झालं. ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’, ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’. काम बदलणाऱ्या माणसाला आपल्या पूर्वजांनी एकाही ठिकाणी ‘जा रे बाबा’ म्हटलेलं आठवत नाही.

दर्भासन:
उशिरा येतोय. मूळ प्रश्नावर कुणीच ‘संकल्प’ कसा सुचवला नाही? 1 जानेवारीच्या व्यायामामुळे तो बदनाम झालाय, पण पूजेतला संकल्प नीट ऐका. आधी ठिकाण, ‘दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे’ (किंवा उत्तरे, तुम्ही राहता तिथलं). मग शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग आपलं गोत्र, आपलं नाव. मग कशासाठी. आणि शेवटी ‘करिष्ये’. काकूंनी तोंडी जे सांगितलं ते हेच होतं: दिवाळीच्या आत, मशीन, फॉल-पिको, मी.

आता खरी गंमत. ‘करिष्ये’ हे आत्मनेपद. फळ करणाऱ्याला मिळणार असेल तर आत्मनेपद, दुसऱ्याला मिळणार असेल तर परस्मैपद, असं पाणिनीचं सूत्रच आहे. म्हणून यजमान स्वतः म्हणतो ‘करिष्ये’ आणि गुरुजी यजमानासाठी करत असतील तर ‘करिष्यामि’. तुम्हाला ‘वैयक्तिक’ हा शब्द जिथे टाकायचा होता, ते काम संस्कृतात प्रत्ययावर भागतं.

आणखी एक. पळीनं तळहातावर पाणी घेऊन ते बोटांवरून ताम्हनात सोडतात, म्हणून संकल्प ‘सोडतात’. हल्ली हे वाक्य ऐकून पोरं विचारतात, “का सोडला? जमला नाही?” दान देतानाही हेच उदक सोडतात, वस्तूवरचा आपला हक्क संपला म्हणून. त्यावरून ‘नोकरीवर पाणी सोडलं’. ठरवणं आणि सोडून देणं, दोन्हीला हाताची कृती तीच.

खडूफळा:
हे वाचून पाच मिनिटं गप्प बसले. राजीनामा पाठवला त्या रात्री मला नेमकं कळत नव्हतं की मी काही धरतेय की टाकतेय.

काल नवा तक्ता नेला. ‘ध्येय’ काढलं. पहिला रकाना: ‘काय करायचं ठरवलंय? कधीपर्यंत? कुठे?’ दुसरा: ‘आधीपासून अंगावर काय काय आहे?’ तिसरा: ‘या महिन्यात दांडी कुठे सरकवणार?’ तिसरा तोंडी समजावून सांगावा लागला, पण कावडीचं चित्र काढल्यावर लगेच पटला. ‘संकल्प’ मथळ्यात ठेवला नाही. दोघीजणी मुसलमान आहेत, एक ख्रिस्ती, आणि ‘ठरवलंय’ सगळ्यांचं आहे.

काकूंनी रेघ मारली नाही. पहिल्या रकान्यात लिहिलं, “वसुबारसेच्या आत मशीन. जुनं चालेल. पायाचं नको, मोटारचं.” दुसऱ्यात, “मनगट.” तिसऱ्यात बराच वेळ पेन टेकवून मग लिहिलं, “संध्याकाळच्या पोळ्या सून.”

वाणसौदा:
सुनेला विचारलंय का पण त्यांनी?

खडूफळा:
हेच बाकीच्यांनी विचारलं. पुढच्या शनिवारी सांगते.