स्टीलच्या पॅनमध्ये भुर्जी खाली लागू नये म्हणून काय करावे?

वडगावकर (बेळगाव)

नमस्कार. नॉनस्टिक पॅनचा थर निघू लागल्यामुळे आम्ही ते बाजूला ठेवले आणि जाड बुडाचे, तीन थरांचे स्टीलचे पॅन घेतले. पोहे, फोडणीचा भात, परतलेल्या भाज्या यांसाठी ते उत्तम आहे, पण अंडी घातली की पंचाईत होते. मुलांना कांदा-टोमॅटो नसलेली, नुसते मीठ आणि मिरपूड घातलेली मऊसर भुर्जी आवडते. ती करायला घेतली, की निम्मी डब्यात जाते आणि निम्मी तळाची खरवड होऊन बसते. तेल वाढवले तर भुर्जी तेलकट होते आणि तरीही खाली धरतेच. रात्री गाड्यांवर पावासोबत मिळणारी भुर्जी मात्र लोखंडी तव्यावर अशी चिकटलेली दिसत नाही. फरक नेमका कशाचा आहे, आचेचा, तेलाचा की भांड्याचा? आणि घरातला भाकरीचा तवा यासाठी चालेल काय?

टिळकवाडीकर

ताई, अडचण तेलाच्या प्रमाणात नसून क्रमात असावी. स्टील हाताला कितीही गुळगुळीत लागले तरी त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खाचा असतात. कच्चे अंडे पातळ असल्यामुळे त्या खाचांमध्ये उतरते आणि साधारण 60 ते 65 अंश सेल्सियसच्या पुढे त्यातील प्रथिने घट्ट होऊ लागली, की ती एकमेकांना धरतात तशीच धातूलाही धरतात. पॅन पुरेसे तापण्याआधीच अंडे ओतून मग आच वाढवली, तर त्याला खाचांत शिरून तिथेच शिजायला भरपूर सवड मिळते. अशा वेळी तेल दुप्पट घातले तरी ते अंड्याखाली न राहता कडेला सरकते.

म्हणून आधी रिकामे पॅन मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटे तापवावे आणि त्यात पाण्याचे थेंब शिंपडून पाहावेत. थेंब चर्र आवाज करून जागीच आटले तर अजून थांबावे. ते पाऱ्यासारखे गोळा होऊन तळावर इकडून तिकडे पळू लागले, तर पॅन तापले असे समजावे. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि थेंब तळाला टेकतच नाही, म्हणून तो पळतो. लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने 1756 मध्ये याचे वर्णन केले होते आणि त्याचेच नाव या परिणामाला मिळाले आहे. मात्र ही परीक्षा सांगणारे बहुतेक जण पुढचे सांगत नाहीत. थेंब पळतो तेव्हा पॅन 190-200 अंशांच्या आसपास असते आणि मऊ भुर्जीसाठी ते फारच जास्त आहे. तेवढ्यात अंडे ओतले तर ते चिकटणार नाही कदाचित, पण तपकिरी आणि चिवट नक्की होईल.

तेव्हा थेंब पुसून घ्यावेत, गॅस अगदी बारीक करावा, मिनिटभर थांबावे, चमचाभर तेल घालून पॅन फिरवून ते सगळीकडे पसरू द्यावे आणि मग थोडे लोणी घालावे. लोण्यातील पाणी उडू लागले की फेस येतो. तो फेस बसत आला, पण लोण्याचा रंग बदललेला नाही, हीच अंडी ओतण्याची वेळ. ओतल्यावर लगेच उलथने चालवू नये. दहा-पंधरा सेकंदांत कडा पांढुरक्या होऊन आपोआप सुटू लागतात. त्यानंतर सपाट लाकडी उलथन्याने कडेकडून मध्याकडे हलकेच ओढत राहावे. भुर्जी थोडी ओलसर असतानाच गॅस बंद करावा, कारण जाड बुडातली उष्णता उरलेले काम करते.

खानापूरकर

वरचे म्हणणे स्टीलपुरते योग्य आहे. भाकरीच्या तव्याविषयी मात्र सांगायला हवे. त्या तव्यावर कोरडे पीठ आणि पाणी पडते, तेल जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे त्याच्यावर तेलाचा थर मुरलेला नसतो आणि अंडे त्याला स्टीलपेक्षाही घट्ट धरेल. आपल्याला हवा तो आंबोळ्या, घावन किंवा डोशांचा बिडाचा तवा. अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून तो दर वेळी पुसला जातो; ते पातळ तेल तापून तापून कडक, काळा थर धरते आणि त्या थरामुळेच पदार्थ सुटून येतो. गाड्यावरच्या तव्याचेही तेच आहे. तो संध्याकाळभर तेलात असतो आणि उलथने त्याच्यावर सतत फिरत असते.

नवा तवा असेल तर घासून पूर्ण कोरडा करावा, शेंगतेलाचे बोट सगळीकडे फिरवून मग कोरड्या फडक्याने असा पुसावा की तेल उरलेच नाही असे वाटावे, आणि धूर येऊन थांबेपर्यंत तापवावा. असे तीन-चार वेळा करावे. तेल जाड राहिले तर कडक थराऐवजी चिकट राप बसतो. जवसाचे तेल लवकर कडक होते, पण त्याचा थर कधीकधी टवके होऊन निघतो. गोव्याकडून येणारे खोबरेल स्वयंपाकाला कितीही चांगले असले तरी या कामाला निरुपयोगी, कारण ते सहजासहजी थर धरत नाही. टोमॅटो घातलेली भुर्जी मात्र नव्या तव्यावर करू नये. आंबटपणाने थर निघतो, शिवाय अंड्याला लोखंडी चव येते.

निपाणीकर

शाळेच्या दिवशी सकाळी थेंबांची परीक्षा कोण घेणार? माझ्या मते एक छोटे नॉनस्टिक पॅन केवळ अंड्यांसाठी राखून ठेवावे, दुसरे काहीही त्यात करू नये आणि धातूचा चमचा त्याला लावू नये. टेफ्लॉनचा थर 260 अंशांच्या पुढे बिघडू लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामे पॅन तिथवर लवकर पोहोचते, म्हणून वर दिलेली रिकामे तापवण्याची रीत नॉनस्टिकला लावू नये.

वडगावकर (बेळगाव)

सर्वांचे आभार. बिडाचा तवा माहेरी आहे, तो आणते. तोपर्यंत स्टीलवरच करावे लागेल. लोण्याऐवजी घरचे तूप चालेल काय? आणि अंड्यात आम्ही थोडे दूध घालतो, त्याने फरक पडतो काय?

टिळकवाडीकर

तूप चालेल. त्यात पाणी आणि दुधाचा अंश जवळजवळ नसल्यामुळे ते लोण्यासारखे लवकर करपत नाही, पण त्याच कारणाने फेसाची खूणही मिळत नाही. तेव्हा फेटलेल्या अंड्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो हलकेच कुरकुरत पिवळाच राहिला तर बाकीचे ओतावे, फटकन फुगून लाल झाला तर पॅन क्षणभर गॅसवरून उतरवावे. दूध दोन अंड्यांना चमचाभर असेल तर बिघडत नाही. जास्त घातले तर मिश्रण पातळ होते आणि दुधातील साखर तळाला लाल होऊन धरते. एवढे करूनही काही चिकटलेच, तर तापलेल्या पॅनमध्ये थंड पाणी ओतू नये, त्याने बूड वाकते. पॅन निवल्यावर कोमट पाणी भरून ठेवावे, डबे भरून होईपर्यंत खरवड आपोआप सुटते.