पन्नाशीनंतर डोक्यात पाणी: ऑपरेशननंतर नेमकं काय सुधारतं?

रानजाई:
माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत. वर्षभरात त्यांची चाल पार बदलली. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, वळायचं म्हटलं की चार-पाच बारीक पावलं. लघवीची घाई झाली की बाथरूमपर्यंत धीर निघत नाही. घरचे सगळे हिशोब तेच बघायचे, आता वही उघडून नुसते बसून राहतात. पार्किन्सनच्या गोळ्यांनी काही फरक पडला नाही. शेवटी एमआरआयमध्ये कळलं की मेंदूतलं पाणी पुढे जायची नळी अरुंद आहे, त्यामुळे वरच्या पोकळ्या फुगल्यात. डॉक्टर शंटऐवजी (म्हणजे डोक्यातलं जादा पाणी बाहेर वळवणारी, अंगात कायम राहणारी नळी) दुर्बिणीतून ऑपरेशन करू म्हणतात. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी सांगा, काय परत येतं आणि काय नाही?

उंबरा:
आईला ७४व्या वर्षी शंट बसवला. तिच्या डोक्यातल्या पाण्याची वाट कुठे अडलेली नव्हती. आधी पाठीतून ४० मिली पाणी काढून तिला चालवून बघितलं, फरक दिसला म्हणून शंट केला. चाल चांगलीच सुधारली, लघवीचा त्रासही कमी झाला. विसरणं मात्र बरंचसं तसंच आहे. तिच्या शंटमधल्या झडपेचं सेटिंग बाहेरून चुंबकाने बदलतात, म्हणून एमआरआय झाला की ते तपासून घ्यावं लागतं.

पायवाट:
रानजाईताई, मिस्टरांना आहे तेच मला होतं. ४९व्या वर्षी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

आधी एक सांगते. पाठीतून पाणी काढायची चाचणी आपली का केली नाही, म्हणून जीव टांगणीला लावू नका. वाट अडलेली असेल तर ती धोक्याची ठरू शकते, म्हणून सहसा टाळतात.

मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. नळी जन्मापासून अरुंद असली तरी शरीर वर्षानुवर्षं निभावून नेतं, आणि मग मधल्या वयात त्याला ते झेपेनासं होतं. ऑपरेशनमध्ये तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडून पाण्याला दुसरी वाट करून देतात. अंगात नळी वगैरे काही राहत नाही.

माझी चाल सगळ्यात आधी सुधारली. वॉर्डातच खुर्चीवरून हात न टेकता उठले आणि दाराशी एका दमात वळले. लघवीवर ताबा यायला काही आठवडे गेले. डोकं सगळ्यात उशिरा मोकळं झालं: एकाच वेळी दोघं बोलायला लागले की अजून गोंधळते, पण हिशोब आता मीच बघते. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. त्रास किती काळापासून आहे, यावरही बरंच अवलंबून असतं.

ऑपरेशनआधी त्यांचा व्हिडिओ काढाच. खुर्चीतून उठणं, सरळ चालणं, वळून परत येणं, पाय दिसतील असा, बाजूने. नंतर घरचे म्हणतात 'किती सुधारलात' आणि आपल्याला वाटतं 'आहे तसंच आहे'. तेव्हा तोच व्हिडिओ बघायचा.

नंतरच्या स्कॅनमध्ये पोकळ्या मोठ्याच दिसल्या तर घाबरू नका. माझ्या अजून मोठ्याच आहेत. नव्या वाटेने पाणी वाहतंय का आणि माणूस कसा आहे, हे सर्जन बघतात.

ते भोक क्वचित बुजतं, कधी कधी वर्षांनीसुद्धा. डोकेदुखी, उलटी आणि झापड असं एकत्र आलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, तडक कॅज्युअल्टी गाठायची. ऑपरेशनची माहिती लिहिलेलं कार्ड माझ्या पर्समध्ये कायम असतं.

रानजाई:
आजच व्हिडिओ काढला. वळताना त्यांनी भिंत धरली, ते स्वतः बघून गप्प झाले. गाडी चालवायला कधी परवानगी मिळाली तुम्हाला?

पायवाट:
सर्जननी तपासून लेखी दिल्यावरच. ऑपरेशनच्या आधीसुद्धा त्यांच्या हातात किल्ली देऊ नका, पाय ब्रेकवर वेळेत पोचत नाही. आणि त्यांना एकदा सांगा, माझेही पाय असेच चिकटायचे.