एकट्या बजीला आरसा ठेवावा का?

पर्वरीकर

नमस्कार. आमच्या शेजारचं कुटुंब बदलीमुळे गोव्याबाहेर गेलं आणि त्यांचा बजी, म्हणजे बजरीगार जातीचा छोटा पोपट, आमच्याकडे आला. अंगभर पिवळा, डोळे लाल. पिंजऱ्यात पहिल्यापासून एक गोल आरसा टांगलेला आहे. आई दिवसभर घरी एकटीच असते, तिला या पाखराचा फार लळा लागलाय. पण पाखरू तिच्याकडे ढुंकून बघत नाही. उजाडल्यापासून आरशासमोर बसतं. काचेवर चोच आपटतं, गुणगुणतं, आणि मान वरखाली करत खाल्लेले दाणे बाहेर काढून काचेला फासतं. सध्याच्या पावसात तो चिकटा दुपारपर्यंत आंबूस वास मारायला लागतो. काल पुसायला आरसा काढला तर असं ओरडत सुटलं की आईने लगेच परत लावला. तिचं म्हणणं, बिचाऱ्याला तेवढीच सोबत आहे. हे आजारी आहे का? आणि आरसा ठेवू की काढू?

म्हापसेकर

आमच्या जोडीच्या पिंजऱ्यात आरसा आहे. येता-जाता बघतात आणि आपल्या कामाला लागतात. काही त्रास नाही. राहू द्या.

डिचोलीचा पक्षीमित्र

आधी आजाराचं बघू. मान लयीत वरखाली करून एकाच जागी दाणे काढून ठेवतो, बाकी खाणंपिणं, उडणं व्यवस्थित आहे, तर ते भरवणं आहे. नर मादीला असंच भरवतो. उलटी असेल तर तो डोकं जोरात इकडेतिकडे झटकतो, दाणे चौफेर उडतात, डोक्यावरची पिसं चिकट होतात, आणि पाखरू पिसं फुलवून मलूल बसतं. असं काही दिसलं तर वाट न बघता पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. तीस-चाळीस ग्रॅमचा जीव, त्याला दुखणं अंगावर काढायला वेळ नसतो.

फोंड्याची काकी

पर्वरीकर बाबा, माझं मत स्पष्ट आहे, आरसा काढ. पण एका झटक्यात नको.

म्हापसेकरांचं खोटं नाही. जोडीतल्या पाखराला खरं पाखरू शेजारी असतं, आरशाचं त्याला फारसं पडत नाही. तुझं एकटं आहे, तिथे सगळं बदलतं. बजी हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, थव्याने राहणारा पक्षी. पिसं साफ करणं, भरवणं, बोलणं, सगळं दुसऱ्याबरोबर. युरोपातल्या मॅगपाय या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याच्या अंगावर रंगीत ठिपका चिकटवून आरसा दाखवला तेव्हा त्यातल्या काहींनी स्वतःच्या अंगावरचा ठिपका काढायचा प्रयत्न केला, हा 2008 सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. बजी मात्र आरशातल्याला दुसरंच पाखरू समजून वागतो. तो भरवतो, समोरचा गिळत नाही. तो मान पुढे करतो, कुणी खाजवत नाही. म्हणून तो पुन्हा भरवतो, दिवसभर. अशा पाखराचं वजन उतरलेलं मी पाहिलंय, आणि तेच खरं काळजीचं. त्यातून आपली पावसाळी हवा. काचेवरचं ते ओलं धान्य आंबतं, बुरशी धरतं, आणि पाखरू तेच परत उचलून खातं. आरसा टांगलेला आहे तोवर दिवसातून दोनदा तरी गरम पाण्याने धू. मागचा रंग उडालाय का तेही बघ. कुरतडलेला लेप पोटात जाणं धोक्याचं.

तुझ्या आईला सांग, सोबत हवी हे तिचं अगदी बरोबर आहे. ती सोबत तिनेच द्यावी. पहिले काही दिवस ती जवळ असेल तेवढाच वेळ आरसा काढायचा. भाजी निवडताना, टीव्ही बघताना पिंजरा तिच्या नजरेच्या उंचीवर, भिंतीला टेकून ठेवा. हळू आवाजात बोलत राहायचं, राळ्याचं कणीस हातात धरायचं. ओरडला तर घाईने आरसा परत देऊ नका, नाहीतर ओरडलं की आरसा मिळतो हे तो शिकेल. शांत झाल्यावर द्या. असा वेळ वाढवत न्यायचा, मग एका सकाळी लावायचाच नाही.

रिकाम्या जागी त्याच्या चोचीला काम हवं. पेरूची फांदी सालीसकट टांग. नारळाच्या चुडताची पाती धुऊन बांध, त्यांच्या चिंध्या करण्यात बजी तासन्तास रमतात. कण्हेरीची डहाळी मात्र चुकूनही नको, ती विषारी. समुद्रफेनही, म्हणजे माकुलाचं पांढरं हाड, ठेव. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वाहून आलेलं मिळतं, पण खारटपणा जाईपर्यंत पाणी बदलत भिजत ठेवून कडक उन्हात वाळवायचं.

आणखी एक. या पक्ष्याच्या मुलखात पाऊस पडून गवताला बी धरलं की वीण सुरू होते. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे आणि भांडंभर धान्य असलं की त्याचं शरीर तोच हंगाम समजतं. संध्याकाळी लवकर पातळ कापड टाक, दहा-बारा तास अंधार मिळू दे. बालकांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, रात्री पिंजरा ठेवू नकोस, मांजर आणि साप दोन्ही येतात.

मादी असेल तर आरसा आजच कमी करायला घे. आरशातल्या जोडीदाराच्या नादाने काही माद्या अंड्यांमागून अंडी घालतात, अंगातलं कॅल्शियम संपतं, अंडं आत अडकतं आणि जीव जातो. चोचीवरची मेणासारखी पट्टी कसल्या रंगाची आहे?

पर्वरीकर

पट्टी गुलाबी-जांभळट आणि गुळगुळीत आहे. आईने तुमचा निरोप दोनदा वाचायला लावला, काकी. चुडत आत्ताच तोडून आणलं. आणखी एक विचारतो. शेजारचे एकजण म्हणतात, जंगलातलं कीराचं, म्हणजे रानपोपटाचं, पिल्लू आणून देतो, सोबत होईल. आणावं का?

फोंड्याची काकी

लाल डोळ्यांचा पिवळा म्हणजे लुटिनो. त्यांच्यात नराची पट्टी निळी होत नाही, गुलाबी-जांभळीच राहते. तपकिरी खरखरीत झाली असती तर मादी. तेव्हा नर धरून चाल.

कीराचं पिल्लू अजिबात आणू नकोस, त्या माणसालाही आणू देऊ नकोस. आपल्याकडचे पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पाळणं गुन्हा आहे. त्या पिल्लासाठी ढोली फोडतात, बाकीची पिल्लं मरतात. शिवाय कीराची चोच बजीचा पाय सहज तोडेल.

सोबतीला दुसरा बजीच हवा. दोन नर बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने राहतात. पण आधी हा आरशातून सुटू दे आणि आईच्या हातावर येऊ दे, कारण जोडी झाली की तो तिच्याकडे कमी येणार. तिला हे आधीच सांग. तिला चालत असेल तरच आण. आणलास तर नवा महिनाभर वेगळ्या खोलीत, भांडी वेगळी, आणि दाणापाणी आधी जुन्याला, मग नव्याला.

पर्वरीकर

आई म्हणते चालेल, तिला तो खूश हवा. नव्यासाठी आतली खोली रिकामी करतो.