मदत हवी आहे: घाट चढताना गाडी तापते, गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट गेलं

वाईकरीण

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची, पेट्रोल, १२०० सीसी, ९१ हजार किलोमीटर झालेली. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. राहते वाईत, आठवड्यातून दोनदा पुण्याला जाणं-येणं असतं आणि चालवते मीच.

गावात फिरताना काही त्रास नाही. पुण्याहून परतताना खंबाटकी चढायला लागलं, की अर्ध्या घाटात तापमानाचा लाल दिवा. या गाडीला काटा नाही, नुसते दोन दिवे आहेत. इंजिन गार असताना निळा, तापलं की लाल. मधलं काहीच कळत नाही. मागच्या रविवारी सासूबाई बरोबर होत्या, एसी चालू, पुढे ट्रकांची रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. दिवा लागला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीत आधण आल्यासारखे बुडबुडे, आणि टाकी काठोकाठ भरलेली! सासूबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, "ओत गं." ओतलं नाही, तेवढं माहीत होतं. पाऊण तास थांबून घरी आलो. त्याआधी एकदा पाचगणीला जाताना पसरणी घाटातही असंच झालं होतं.

आता गॅरेजची कथा. पहिल्यांनी गेल्या वर्षी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला, "आपल्याकडच्या हवेत लागत नाही" म्हणून. दुसऱ्यांनी बुडबुड्यांचं वर्णन ऐकूनच सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलं, हेड उतरवायचं, फेसिंग म्हणजे घासून सपाट करायचं, २२ हजार धरून चाला. हे सगळं सांगत होते माझ्या नवऱ्याला, ज्याला बॉनेटचा खटका कुठे आहे तेही ठाऊक नाही.

२२ हजार घालायच्या आधी घरच्या घरी काही तपासता येईल का? पाने-पकड आहे, धीर आहे.

उंटावरचा

रेडिएटर फॅन डायरेक्ट करून टाका. चावी फिरवली की फॅन चालू. माझा तीन वर्षं तसाच आहे.

दहा_नंबरचा_पाना

उंटावरून शेळ्या हाकू नका हो. :) फॅनचा दोष असता तर गावात, सिग्नलला उभ्या उभ्या तापली असती. पळताना हवा लागते, तेव्हा फॅनचं काम कमी. ताईंची गाडी गावात ठीक आणि चढावर तापते. म्हणजे आधी पाण्याकडे बघायचं: पुरेसं आहे का, फिरतंय का, रेडिएटर चोंदलाय का. तरी फॅन तपासायला पैसे पडत नाहीत. गाडी सुरू करून एसी लावा, फॅन फिरला पाहिजे.

दोन प्रश्न. दिवा लागल्यावर एसी बंद करून हीटर फुल केला होता का? आणि ओबीडीचा डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) कुणाकडे मिळेल का? मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं, मग लाल दिव्याची वाट बघावी लागत नाही.

वाईकरीण

फॅन फिरतो, आत्ताच बघितलं. हीटरचं बरं विचारलंत. ऐकून माहीत होतं म्हणून लावला होता, पण गार हवा आली. इंजिन उकळतंय आणि हीटरमधून गार हवा! मला वाटलं हीटरही बिघडलाय. डोंगल भाच्याकडे आहे, मागवते.

निवृत्त_फोरमन

ताई, एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात गेली, म्हणून दोन शब्द लिहितो. हीटर बिघडलेला नाही. हीटरमध्ये गरम पाणी पोचत नाहीये. टाकी काठोकाठ आणि हीटर गार, याचा अर्थ मला असा दिसतो, की टाकीत पाणी आहे पण इंजिनात नाही. प्लास्टिकची टाकी म्हणजे नुसतं राखीव भांडं. ती भरलेली बघून रेडिएटर भरलाय असं समजू नये. निम्मे लोक इथंच फसतात.

उद्या पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, सुरू न करता बॉनेट उघडा. रेडिएटरच्या वरच्या अंगाला जाणारा जाड रबरी पाईप बघा, हाताने दाबा. मग रेडिएटरच्या टोपीवर फडकं टाकून, दाबून फिरवून उघडा आणि पाणी कुठवर आहे ते बघा. तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. गार असतानाच, बरं का. गरम गाडीची टोपी उघडून तोंड भाजून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

काय दिसलं ते लिहा. तोवर हेडला हात लावू देऊ नका.

वाईकरीण

काका, सकाळी सहाला पाहिलं. वरचा पाईप चपटा! कुणीतरी पाय दिल्यासारखा, मधोमध आत गेलेला. टोपी फिरवली तर आधी "फुस्स" करून हवा आत ओढली गेली आणि डोळ्यांसमोर पाईप फुगून गोल झाला. आत बॅटरी मारली तर पाणी दिसेचना. नळ्यांची वरची टोकं कोरडी, पांढरट थर चढलेली.

निवृत्त_फोरमन

सापडला चोर. टोपी.

त्या टोपीत दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगवाली दाब धरून ठेवते. टोपीवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असेल, तो दाब. ०.९ ला साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट त्याच्याही पुढे. पाणी तापून फुगलं की जास्तीचं या झडपेतून टाकीत जातं. मधोमध बटणाएवढी दुसरी झडप असते. रात्री इंजिन गार होताना पाणी आकसतं, तेव्हा तिच्यातून टाकीतलं पाणी परत ओढलं जातं. तुमची ही छोटी झडप चिकटली आहे. गेलेलं पाणी परत येत नाही, टाकी भरते, ओसंडते आणि आत पोकळी होते. तिच्या ओढीनं पाईप चपटा होतो. त्यात मोठ्या झडपेचं रबर कडक झालं असेल, तर दाबही टिकत नाही. मग शंभरीच्या आसपासच उकळी, आणि घाटमाथ्यावर त्याच्याही दोन-तीन अंश आधी.

टोपी उलटी धरून मधलं बटण नखानं ओढा. हलकेच उघडून सोडल्यावर टपकन बसलं पाहिजे. टोपी आणि टाकी जोडणारी बारीक नळी चोंदली तरी पाईप असाच चपटा होतो, म्हणून ती काढून तोंडाने फुंकून बघा.

वाईकरीण

नळी मोकळी आहे. बटण हलतच नाही, क्षारांनी घट्ट बसलंय. रबराला गोल चर पडलाय, नखानं टोचलं तर तुकडा निघाला. टोपीवर १.१ आहे.

पण मग ते बुडबुडे? हेड गॅस्केट नाही याची खात्री कशी करू?

दहा_नंबरचा_पाना

तेही घरी जमतं. गार इंजिनात पाणी तोंडापर्यंत भरा, टोपी उघडीच ठेवून गाडी सुरू करा. सुरुवातीला चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. रेस केल्यावर सतत, न थांबता बुडबुडे येत राहिले तर काळजीचं. दुसऱ्या दिवशी टोपी लावून, पुन्हा गार इंजिनावर, सुरू केल्या केल्या वरचा पाईप दाबत राहा. मिनिट-दोन मिनिटांतच, पाणी तापायच्या आधी, तो दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरमधला दाब पाण्यात येतोय. ऑइलच्या झाकणाखाली आणि डिपस्टिकवर बघा, दुधाळ नको. झाकणाला नुसती पिवळसर साय दिसली तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्यांमुळे ओल धरते. डिपस्टिकवर कॉफीसारखं ऑइल दिसलं तर मात्र गॅरेजवाल्यांचं खरं.

हात फॅनपासून लांब, ओढणी-पदर खोचून. तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

वाईकरीण

सगळं केलं. बुडबुडे पाच मिनिटांत थांबले, पाईप हळूहळू तापत गेला तसाच कडक झाला, डिपस्टिक स्वच्छ. आत दीड लिटर पाणी मावलं!! एवढ्या कमी पाण्यावर मी खंबाटकी चढत होते.

नवी टोपी, त्याच आकड्याची, २८० रुपये. आता कूलंट बदलू का? आतलं पाणी विटकरी रंगाचं आहे. पहिल्या गॅरेजात बोअरचं पाणी भरताना मी स्वतः बघितलं होतं.

निवृत्त_फोरमन

बदलाच. बोअरच्या पाण्यानेच ते बटण बसलं. गार असताना रेडिएटरच्या खालचा बूच सैल करून सगळं काढा. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मिळतो. ते भरा, टोपी लावून दहा मिनिटं चालवा, गार होऊ द्या, काढा. स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन वेळा. मग कूलंट. कॅनवर नीट वाचा: कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी, प्रीमिक्स असेल तर थेंबभरही पाणी नको. रंगावर जाऊ नका, हिरवा-गुलाबी कंपनीच्या मर्जीवर. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर फुल, टोपी उघडी. पाईप दाबत दाबत हवा काढा, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत. मधूनमधून भर घाला, मग टोपी लावा. टाकी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये भरा, काठोकाठ नाही.

जुनं कूलंट परातीत धरा. चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. गटारात टाकू नका. तुमच्याकडचं गटार कुठे जाऊन मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

वाईकरीण

ठाऊक आहे काका, कृष्णेचा घाट दोनशे पावलांवर. कॅनमध्ये भरून ठेवलंय.

आजचा अहवाल. डोंगल लावून पसरणी घाट, दुपारी दोनला, एसी चालू, सासूबाई शेजारी मोबाइल धरून आकडे वाचत होत्या. ८८, ९१, ९४. दत्ताच्या देवळापाशी लागतात तसे त्यांनी हात जोडले. हॅरिसन्स फॉलीच्या वळणाआधी ९७, त्यापुढे गेलाच नाही. हीटर लावून पाहिला, भाजेल एवढा गरम. परतीच्या उतारावर मात्र ६४ पर्यंत खाली आला. इतका गार चालतो का?

निवृत्त_फोरमन

नाही चालत. थर्मोस्टॅट नाही ना, पाणी सतत रेडिएटरमधून फिरतंय. इंजिन गार आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त देतो. मायलेज वर्षभरात पडलं असेल.

वाईकरीण

१७ चं १४ झालंय! मी टायरला दोष देत होते.

निवृत्त_फोरमन

नवा आणा, गॅस्केटसकट. बसवायच्या आधी चहाच्या पातेल्यात दोऱ्याला टांगून पाणी तापवा. उघडायच्या तापमानाचा आकडा त्याच्यावर कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ अंश. त्या सुमाराला उघडायला लागला पाहिजे, गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. बारीक हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला. बसवल्यावर हवा पुन्हा काढावी लागेल.

पातेलं मात्र नंतर चहाला वापरू नका, सासूबाई रागावतील.