अनुभव धागा: होंडा – आधी इंजिन, मग गाडी

धागाकर्ता

गेल्या आठवड्यात आमच्या २००५ च्या होंडा सिटीचं आरसी दुसऱ्यांदा पाच वर्षांसाठी वाढवून आणलं. पर्यावरण कर भरला, फॉर्म भरले, चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा काढून दिला. निरीक्षक साहेब बॉनेटपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "करा चालू." गाडी चालूच होती. हा किस्सा होंडावाले सगळेच सांगतात आणि सगळेच थोडा वाढवून सांगतात, हे मान्य. पण त्या दिवशी तो खरोखर माझ्याच बाबतीत घडला, म्हणून हा धागा काढतोय.

तुमचे अनुभव येण्याआधी थोडं पुराण. सोइचिरो होंडा यांचा जन्म १९०६ चा, जपानमधल्या हामामात्सुजवळच्या खेड्यातला. वडील लोहार. शाळेत मन नाही, हात मात्र कायम काळे. कोवळ्या वयात तोक्योच्या 'आर्ट शोकाई' गॅरेजात उमेदवारी केली. पुढे पिस्टन रिंगांचा कारखाना काढला. निवडून निवडून ५० रिंगा टोयोटाकडे तपासायला पाठवल्या, त्यातल्या फक्त ३ पास झाल्या! त्याआधी गडी मोठ्या वयात तांत्रिक शाळेतही जाऊन बसला होता, धातुशास्त्र शिकायला. युद्धात बॉम्ब पडले, १९४५ च्या भूकंपात उरलेलं कोसळलं. जे शिल्लक होतं ते टोयोटालाच विकलं आणि वर्षभर स्वस्थ बसून राहिले.

१९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस संचांचे जनरेटर चालवणारी छोटी इंजिनं हाती लागली. ती सायकलींना बसवायला सुरुवात केली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून काय लावलं होतं, तर अंथरुणात पाय शेकायची घरातली गरम पाण्याची बाटली. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी झाली. १९४९ मध्ये पैशाची आणि विक्रीची बाजू सांभाळायला ताकेओ फुजिसावा आले, आणि माझ्या मते धंदा खरा तेव्हा सुरू झाला. १९५८ मध्ये सुपर कब ही दुचाकी आली. १९६३ मध्ये पहिली चारचाकी, ती सुद्धा आधी टी३६० नावाचा चिमुकला टेम्पो आणि पाठोपाठ एस५०० ही स्पोर्ट्स कार. १९६४ मध्ये हे थेट फॉर्म्युला वनमध्ये. बाजारात बायकापोरांना घेऊन जायची एक धड गाडी नाही आणि हे निघाले रेसला. १९६५ मध्ये मेक्सिकोत जिंकलेही.

माझं म्हणणं एवढंच की ही इंजिनवाल्यांची कंपनी आहे, गाडी तिने इंजिनाभोवती बांधली. पटत नसेल तर भांडा.

आता माझा अनुभव. आमची 'डॉल्फिन' सिटी, आय-डीएसआय. हिच्या चार सिलिंडरना आठ स्पार्क प्लग आहेत, प्रत्येकाला दोन. बारा-तेरा वर्षं एकाच मेकॅनिककडे जात होतो. दर वेळी प्लग बदलल्याचं बिल यायचं, तरी गाडी चढावर हलकेच अडखळायची. एकदा मुलाने बॉनेट उघडून मोजले. पुढचे चार चकचकीत. मागचे चार, काचेखालच्या अडचणीत, बहुधा कारखान्यातून आले तेच. तिथे हात जात नाही म्हणून कोणी घातलाच नव्हता. आठही बदलले आणि कात्रजचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये गेला. गाडीचा यात काय दोष? आठपैकी चार प्लगांवर तिने किती वर्षं काढली, देव जाणे.

लिहा मंडळी. कौतुक आणि तक्रार दोन्ही चालेल. गॅरेजांची आणि शोरूमची नावं तेवढी नकोत.

नारायणपेठी

दादा, चारचाकीवाल्यांत दुचाकी घुसवते, रागावू नका. पुण्यात होंडा हा शब्द घरोघरी पोचला तो किनेटिक होंडामुळे, १९८४ नंतर. फिरोदियांची किनेटिक आणि जपानची होंडा. आईने ८७ साली घेतली, आकाशी रंगाची. आई शाळेत शिक्षिका. पार्किंगमध्ये सर मंडळी स्कूटर आडवी करून, परत सरळ करून, किका मारून घामाघूम झालेली असायची. आई पर्स हुकला अडकवायची, बटण दाबायची आणि निघून जायची. "मागे वळून बघायचे नाही, पण बघितल्यासारखे वाटायचे," असं ती अजून सांगते.

दुसरी गोष्ट. माझी सिटी सीव्हीटी आहे. आई अठ्ठावन्न वर्षांची असताना पहिल्यांदा ती चालवायला बसली. मी समजावतेय की यात गिअर नसतात, दोन पुल्या असतात, त्यांचा व्यास कमीजास्त होतो आणि पट्टा वरखाली सरकतो. ती म्हणाली, "मग ही माझी किनेटिकच की." तत्त्व खरंच तेच आहे! गाडीत पट्टा पोलादी, एवढाच फरक. अर्ध्या तासात आई लक्ष्मी रोडवर.

वंगण

धागाकर्त्यांनी सोइचिरोंना देव्हाऱ्यात बसवलंय, म्हणून थोडं खाली उतरवतो. वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे ही माणसं आमच्या घरात मामा-काकांसारखी बोलली जायची.

सोइचिरोंचा हट्ट होता हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा. "पाणी तरी शेवटी हवेनेच थंड करता ना, मग मध्ये पाणी कशाला?" असा एकूण युक्तिवाद. ऐकायला बिनतोड. १९६८ मध्ये याच हट्टातून आरए३०२ ही हवेने थंड होणारी रेस कार फ्रान्सच्या शर्यतीत उतरवली. स्वतःचे चालक जॉन सर्टीस यांनी ती चालवायला नकार दिला होता. जो श्लेसर बसले आणि सुरुवातीच्याच फेऱ्यांत अपघातात जळून गेले. तरी १९६९ ची होंडा १३०० ही गाडी हवेच्याच इंजिनाची. जड आणि महाग, चालली नाही. शेवटी तरुण इंजिनिअर फुजिसावांकडे गेले. फुजिसावांनी सोइचिरोंना विचारलं की तुम्हाला कंपनीचा अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून? तेव्हा कुठे पाण्याला परवानगी मिळाली.

आणि त्यातूनच १९७२ ची सिव्हिक आली, पाठोपाठ सीव्हीसीसी इंजिन. अमेरिकेने १९७० मध्ये धुराचा कडक कायदा केला. तिथल्या बड्या कंपन्या म्हणत होत्या की हे शक्य नाही. होंडाने सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी खोली केली. तिच्यात पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण आधी पेटायचं आणि त्याची ज्योत खालच्या, पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणाला पेटवायची. देवघरातल्या निरांजनावरून समई लावावी तसं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) न लावता गाडी पास. तेच तंत्र जनरल मोटर्सच्या इंपालाच्या भल्यामोठ्या इंजिनावर बसवून तेही पास करून दाखवलं.

सोइचिरो खुशीत म्हणाले, आता आपण अमेरिकेच्या बड्यांना मागे टाकणार. त्यांच्याच पोरांनी सुनावलं की आम्ही हे कंपनीसाठी नाही, स्वच्छ हवेसाठी केलंय. १९७३ मध्ये सोइचिरो आणि फुजिसावा दोघंही एकदमच निवृत्त झाले. म्हातारा मोठा का, तर इथे थांबला म्हणून. इंजिनं काय, पुष्कळांनी चांगली केली.

माझी स्वतःची गाडी होंडा नाही, हेही सांगून टाकतो.

एम_एच_१२_निळी

२००१ ची सिटी व्हीटेक होती, सेकंड हँड घेतलेली, १०६ अश्वशक्ती. कमी वेगात साधासुधा कॅम (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा उंचवटा). वर गेलं की तेलाच्या दाबाने पिन सरकते आणि व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतात. शहरात अगदी गरीब गाय. एक्स्प्रेसवे नवा होता, मी चोवीस वर्षांचा. वेग सांगत नाही, आई हा धागा वाचते.

वऱ्हाडी_ठसका

मी विकली बाप्पा. नागपूर-अमरावती आठवड्याला दोन चकरा, वर शेतात जाणं. सिटी म्हणजे गालिच्यावर चालणाऱ्या माणसाची चप्पल. इंजिन चांगलं होतं ना, नाही म्हणत नाही. पण इंजिन मी पाहत नाही, रस्ता पाहतो. एका दलालाने "होंडा आहे, हातोहात जाईल" म्हणून तीन महिने दारात उभी ठेवायला लावली, मग शेजारच्यानेच घेतली. उंच गाडी घेतली, सुखी आहे. भावनिक व्हायचं तर माणसांबद्दल व्हावं.

ओहायोची_सून

इथे कोलंबसजवळ राहतो. मेरीसव्हिलचा कारखाना इथून जवळ. १९८२ मध्ये तिथून पहिली ॲकॉर्ड बाहेर पडली, अमेरिकेत गाडी बनवणारी होंडा ही पहिली जपानी कंपनी. आजूबाजूच्या गावात जपानी किराणा मिळतो तो त्यामुळेच. आमच्या वरणभाताला लागणारा चिकट नसलेला तांदूळ मात्र तिथे शोधू नये!

आमची ओडिसी, मोठी व्हॅन. मराठी मंडळात ज्याच्याकडे ओडिसी त्याच्याकडे मखर, हा अलिखित नियम. तिसरी सीट दोरी ओढली की जमिनीच्या खड्ड्यात गडप होते. एका गणपतीला मागे मखर, चौरंग, दोन समया, १२० मोदकांचे ट्रे आणि मधल्या सीटवर सासूबाई, मांडीवर मूर्ती. यजमानांनी जोरात ब्रेक मारला. मोदक सरकले, समई आडवी झाली. मूर्ती जागच्या जागी, सासूबाईंनी दोन्ही हातांनी कवटाळलेली. यजमानांशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

कामाची गोष्ट: हिच्या व्ही६ (सहा सिलिंडरच्या) इंजिनात व्हॉल्व्हची वेळ सांभाळायला साखळी नाही, टायमिंग बेल्ट म्हणजे पट्टा आहे. लाख मैलांच्या आसपास तो बदलायचाच, पाण्याच्या पंपासकट. "होंडा आहे, काही होत नाही" म्हणत बसू नका.

चिबाकर

तुम्ही सगळे सिटी-सिटी करताय, इथे जपानात होंडा म्हणजे एन-बॉक्स. ६६० सीसी, लांबी ३.४ मीटरच्या आत, पिवळी नंबरप्लेट. फ्रिजचा खोका उभा करून चाकं लावल्यासारखी दिसते. पहिल्यांदा पाहून मी हसलो होतो. आता दोन मुलं, सायकल आणि आठवड्याचं सामान घेऊन तीच चालवतो. इथे मोठी गाडी घेण्याआधी पार्किंगची जागा पोलिसांना दाखवून दाखला घ्यावा लागतो, तेव्हा छोट्या गाडीची किंमत कळते.

मोतेगीला होंडाचं संग्रहालय आहे. मुलाला रेसच्या गाड्या दाखवायला नेलं, तो अर्धा तास जुन्या सायकल-इंजिनापाशी उभा. "बाबा, ही आपल्या गाडीची आजी का?" हो म्हटलं.

रंकाळा

जॅझ, २००९. मागच्या सीटची बैठक वर उचलून पाठीला चिकटते, मधे जमिनीपासून छतापर्यंत मोकळी जागा. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली न ठेवता पुढच्या सीटखाली ठेवलीय, म्हणून हे जमतं. इंजिनाचं कौतुक करताय ते करा, पण आमच्या लेखी ज्यानं टाकी सरकवली तो खरा शहाणा. धागाकर्ते, तुमचं 'गाडी इंजिनाभोवती' हे इथं लागू होत नाही बघा.

रत्नागिरीहून हापूसचं कलम आणलं, चार फुटी, कुंडीसकट. उभंच्या उभं. आंबा घाटात पोरीनं खिडकी उघडली तर कलमाची पानं बाहेर. मागून ट्रकवाला हॉर्न देतोय, त्याला वाटलं झाडच निघालंय प्रवासाला. घरी उतरवलं तेव्हा एक पान तुटलं नव्हतं.

धागाकर्ता

वंगण, बिनशर्त माघार नाही, पण तुमचं निम्मं मान्य. रंकाळा, टाकीचा मुद्दा पूर्ण मान्य, माझं वाक्य मागे घेतो. ओहायोताई, बेल्टची सूचना वर लिहायला हवी. वऱ्हाडी साहेब, चप्पल लागली, पण बरोबर लागली.

रंकाळा, एक विचारायचं राहिलं. कलमाला आंबे लागले का?

रंकाळा

मोहर येतोय दरवर्षी. टिकत नाही.