मदत हवी आहे: ऑर्ग-मोडच्या तक्त्यांत मराठी मजकुराचे रकाने जुळत नाहीत

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या जमाखर्चाची नोंद मी ईमॅक्स या एडिटरच्या ऑर्ग-मोडमध्ये (नोंदी व तक्ते लिहिण्याच्या सोयीत) ठेवतो. ईमॅक्सची आवृत्ती 29 असून ती टर्मिनलमध्ये नव्हे, स्वतंत्र खिडकीत चालते. कंट्रोल-बॅकस्लॅश दाबताच अंगभूत इनस्क्रिप्ट (देवनागरी टंकलेखनाची कळरचना) सुरू होते (ही सोय मला फार आवडते) आणि जोडाक्षरेही नीट उमटतात.

अडचण तक्त्यांची आहे. पहिल्या रकान्यात ‘दुरुस्ती’, ‘पाणीपट्टी’ असे शब्द आले की टॅब दाबूनही उभ्या रेषा ओळीगणिक मागेपुढे होतात. केवळ आकडे किंवा रोमन अक्षरे असलेल्या ओळी मात्र एकाखाली एक बसतात. एडिटर रुंदी ठरावीक घरांत मोजतो, परंतु देवनागरी फॉन्टमधील अक्षरे त्या मापात बसत नाहीत, हे त्याचे कारण दिसते. इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) सेट-फॉन्टसेट-फॉन्ट ही आज्ञा वापरून देवनागरीसाठी नोटो सॅन्स हा फॉन्ट नेमला. त्याने अक्षरे सुबक झाली, रकाने तसेच राहिले.

पिक्सेल मोजून रकाने जुळवणारे व्हीअलाइन हे पॅकेज मराठी मजकुरासाठी कोणी नियमित वापरत आहे का, आणि शेकडो ओळींच्या तक्त्यात त्याचा वेग कसा राहतो? केवळ फॉन्ट बदलून हा प्रश्न कोणी सोडवला असल्यास कृपया फॉन्टचे नाव आणि इनिट फाइलमधील संबंधित ओळी द्याव्यात.